ढोबळी मिरचीला तिची जागा: स्टफ्ड पेपर सूपच्या नोंदी

21 सप्टेंबर 2024, शनिवार

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये आमच्या रस्त्यावरची पद्धत अशी. हॅलोविनच्या, म्हणजे 31 ऑक्टोबरच्या, संध्याकाळी पोरं दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात आणि मोठी माणसं एका घराच्या ड्राइव्हवेवर शेगडी पेटवून, खुर्च्या टाकून गप्पा मारत बसतात. प्रत्येक घरातून एक पातेलं येतं. यंदा माझ्याकडे सूप आलंय, आणि तेही स्टफ्ड पेपर सूप, म्हणजे भरल्या ढोबळी मिरचीचं. अडचण एवढीच की 31 ऑक्टोबरलाच लक्ष्मीपूजन आहे. त्या दिवशी घरात मांस शिजणार नाही, हे बायकोने कॅलेंडर बघून आजच सांगून टाकलं.

पिट्सबर्गमध्ये हे सूप कुठेही मिळतं: डायनर, चर्चमधली विक्री, सुपरमार्केटचं सूप काउंटर. भरल्या ढोबळी मिरचीत जे असतं ते सगळं, म्हणजे खिमा, भात, टोमॅटो, कांदा, सुटं करून रसात सोडायचं. मिरची कोरायची नाही, भरायची नाही, ओव्हन नाही. थंडीत एका वाटीवर जेवण भागतं.

माझी तक्रार मिरचीबद्दल आहे. या सुपात मिरचीच शोधावी लागते. टोमॅटोत बुडालेला खिमा, फुगलेला भात आणि त्यात रंग उडालेले चार मऊ तुकडे. नाव जिचं, तीच पाहुणी. तेव्हा हा प्रकल्प एवढ्यासाठीच: पहिल्या घोटात मिरची कळली पाहिजे. खिमा असो वा नसो.

अटीही लिहून ठेवतो. एक पातेलं शाकाहारी, आमच्या घरून. दुसरं टर्कीच्या खिम्याचं, आधी करून गोठवलेलं, त्या दिवशी दुसऱ्याच्या घरी गरम होणारं. आणि बाहेर दोन तास ठेवल्यावरही भाताचा लगदा होता कामा नये.

बाजारातून मिरच्या आणल्या. शेतकऱ्यांच्या बाजारात आत्ता हिरव्या ढोबळ्या मिरच्या मातीमोल आहेत. इथला त्यांचा हंगाम साधारण जुलैअखेरीपासून पहिलं दंव गोठेपर्यंत. लाल मात्र महाग. बियाणं तेच असलं तरी लाल व्हायला ती आणखी काही आठवडे झाडावर राहते, तेवढ्यात ऊन लागतं, कुजते, किडे लागतात. शेतकरी त्या जोखमीचे पैसे घेतो, आणि ते रास्तच आहे.

22 सप्टेंबर, रविवार

तुलनेसाठी आज नेहमीचं सूप केलं, पाकिटामागे आणि डब्यामागे छापलेलं असतं तसंच. 1 पाउंड म्हणजे 450 ग्रॅम खिमा (आम्ही गोमांस खात नाही, म्हणून टर्की), एक कांदा, तीन हिरव्या मिरच्या, 28 औंसांचा म्हणजे 794 ग्रॅमचा चिरलेल्या टोमॅटोचा डबा, 15 औंसांचा टोमॅटो सॉस, लिटरभर स्टॉक, पाऊण कप तांदूळ. सगळं एकदम पातेल्यात, चाळीस मिनिटं मंद आंच.

खायला वाईट नाही. लेकीने दोन वाट्या खाल्ल्या. पण डोळे मिटून खाल्लं तर हे टोमॅटोचं सूप आहे. मिरचीचा वास पहिल्या पंधरा मिनिटांत अख्ख्या घरभर पसरला होता. म्हणजेच तो घरात गेला, पातेल्यात राहिला नाही. टोमॅटोचे चौकोनी तुकडे मात्र शेवटपर्यंत जसेच्या तसे, कडक.

25 सप्टेंबर, बुधवार

रविवारचं उरलेलं डब्यात नेलं. सूप राहिलंच नव्हतं, टोमॅटो-भात झाला होता. तांदूळ शिजल्यावरही फ्रिजमध्ये रस पीत राहतो. भात वेगळा शिजवायचा, वाढताना वाटीत घालायचा. याबद्दल आता विचार करायचा नाही, ठरलं.

28 सप्टेंबर, शनिवार

आज फक्त मिरची.

हिरव्या ढोबळीचा तो हिरवागार, थोडा मातकट वास ज्या संयुगातून येतो त्याचं नाव आयसोब्युटिल-मेथॉक्सीपायराझिन. माणसाचं नाक ते फार थोडं असतानाही पकडतं: पाण्याच्या एक लाख कोटी भागांत दोनेक भाग पुरे. मिरची पिकत जाते तसं हे कमी होतं आणि साखर वाढते, म्हणून लाल मिरची गोड लागते पण तिला तो वास नसतो. शिवाय ते उडून जाणारं आहे. झाकण उघडं ठेवून तासभर उकळत ठेवलं की वाफेबरोबर जातं. रविवारी स्वयंपाकघरभर दरवळलं ते हेच.

म्हणजे एकाच मिरचीकडून दोन कामं होणार नाहीत. शिजून गोडवा आणि अंग देणारी मिरची वेगळी, आणि वासाची वेगळी.

तीन वाट्यांत तीन तऱ्हा करून पाहिल्या. सगळीकडे टोमॅटोचा तोच रस.

पहिल्या वाटीत हिरवी मिरची कांद्याबरोबर तेलात, मीठ घालून, झाकण ठेवून मंद आंचेवर वीस मिनिटं. तुकड्यांचा रंग पोपटीवरून ऑलिव्हसारखा उतरला, कडवटपणा गेला, कडेने थोडी तपकिरी झाली. चव खोल, पण वास नाही.

दुसऱ्या वाटीत लाल मिरची. आमची शेगडी विजेची, त्यामुळे ओव्हनच्या ब्रॉइलरखाली, म्हणजे वरून येणाऱ्या कडक आंचेखाली, भाजली. मिरच्या उभ्या चिरून, बिया आणि आतल्या पांढऱ्या शिरा काढून, साल वर करून ताटात सपाट दाबून ठेवल्या. साल काळी पडून फुगली की बाहेर काढायच्या, भांड्यात घालून वर ताट झाकायचं. दहा मिनिटांनी साल बोटांनी निघते. खाली भांड्यात लाल रस साचतो, तो टाकायचा नाही. सगळ्यात चांगली चव तिथेच असते. ही मिरची मिक्सरमधून काढून रसात मिसळली आणि सुपाला एकदम अंग आलं. मैदा नाही, मलई नाही, तरी दाटसर.

तिसऱ्या वाटीत हिरवी मिरची बारीक चिरून, आंचेवरून उतरवण्याच्या फक्त सहा-सात मिनिटं आधी घातली. तुकडा दाताला लागतो, हिरवा राहतो, आणि झाकण काढल्याबरोबर मिरची ओळखू येते.

बायकोने तिन्ही चाखल्या आणि म्हणाली, "मग तिन्ही घाल ना एकात. निवड कशाला करतोस?" खरंय. निवडायचं कारणच नाही.

टोमॅटोचाही छडा लागला. चिरलेल्या टोमॅटोच्या डब्यावर घटकांत कॅल्शियम क्लोराईड लिहिलेलं असतं. ते तुकडे आखीव राहावेत म्हणूनच घालतात, म्हणजे कितीही उकळा, विरघळणार नाहीत. सॅलडला ठीक, सुपाला नको. यापुढे अख्खे सोललेले टोमॅटो घ्यायचे, तेही घटक वाचून, आणि हाताने चुरायचे.

आणि क्रम. टोमॅटोच्या आंबटपणात भाज्यांना घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन सहजी सुटत नाही, त्यामुळे कांदा-मिरची टोमॅटोच्या आधी मऊ झालीच पाहिजे. आपल्याकडे आमटीत चिंच डाळ शिजल्यावरच पडते, त्याचंही कारण हेच.

29 सप्टेंबर, रविवार

शेजारच्या बाईंकडे वाटी घेऊन गेलो. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत. आजोबा स्लोव्हाकियातून आलेले, मनॉन्गहेला नदीकाठच्या पोलाद कारखान्यात राबलेले. या शहरात अशी घरं खूप. चेक आणि स्लोव्हाक मिळून एक राष्ट्र करायचं, हा करार 1918 च्या मे महिन्यात पिट्सबर्गमध्येच झाला होता. गाड्याभर माणसं आली तशा त्यांच्या भरल्या मिरच्याही आल्या. स्लोव्हाक, हंगेरियन, सर्ब, रोमानियन, प्रत्येकाची आपापली.

बाईंनी माझं सूप चाखलं, मान हलवली आणि विचारलं की सेलरीची पानं कुठायत. मी दांडेसुद्धा घातले नव्हते. त्यांच्या घरात भरल्या मिरच्या ओव्हनमध्ये जात नसत. कच्चा खिमा आणि तांदूळ भरलेल्या मिरच्या टोमॅटोच्या पातळ, किंचित गोड रसात उभ्या शिजायच्या, आणि त्या रसात सेलरीच्या पानांची जुडी असायची, शेवटी काढून टाकायची. हंगेरीतही असंच करतात, फक्त तिथली मिरची फिकट पिवळी, पातळ सालीची. म्हणजे त्यांच्या पातेल्यातली मिरची आधीच निम्म्या सुपात उभी असते. इथल्या सुपाने तिला फक्त मोडलं.

गोडीसाठी त्यांची आई साखर घालायची. बाई स्वतः केचप घालतात, एक मोठा चमचा, आणि तो हाइन्झचाच. 1869 मध्ये हाइन्झचा धंदा याच शहराला लागून असलेल्या शार्प्सबर्गमध्ये सुरू झाला, तेव्हा पिट्सबर्गमध्ये दुसऱ्या कंपनीचा केचप घरात ठेवणं म्हणजे पाप. मी आधी नाक मुरडलं. पण केचपमध्ये साखर आणि व्हिनेगर दोन्ही आहे. डब्यातल्या टोमॅटोचा धातूसारखा आंबटपणा त्याने खरंच बसतो. चमचाभर घ्यायला हरकत नाही.

टर्कीचं पातेलं 31 तारखेला त्यांच्या घरी गरम करायचं, हेही विचारून घेतलं. त्या लगेच हो म्हणाल्या. वर आमच्या लक्ष्मीपूजनाला पणत्या बघायला येणार म्हणाल्या.

2 ऑक्टोबर, बुधवार

भातासाठी तांदूळ. इथल्या पाककृतींत लांब दाण्याचा पांढरा तांदूळ लिहिलेला असतो. तो गरम रसात पंधरा मिनिटांत फुलून फुटायला लागतो. दुकानात 'कन्व्हर्टेड' म्हणून जो मिळतो तो बरा टिकतो, आणि तो म्हणजे आपला उकडाच. साळ भिजवून, वाफवून, वाळवून मग कांडलेली. त्या वाफेत दाण्यातला स्टार्च आतल्या आत घट्ट बसतो, म्हणून नंतर शिजवला तरी दाणा सहसा फुटत नाही.

कुडाळला आईला फोन केला. तिला सूप म्हणजे काय करतोय ते अर्धंच कळलं, पण तांदळाचं ऐकताच म्हणाली, "उकडेच घे, सुरय घेव नको." सुरय म्हणजे न उकडलेला तांदूळ. पेज खाऊन वाढलेल्या घराला हा प्रश्न पडायलाच नको होता. इंडियन स्टोअरमधून उकड्याची पिशवी आणली. उकडा जाडा, तांबूस नाही, साधा. पाण्यात पंचवीस मिनिटं, पण दाणा किंचित कडक असतानाच गाळून, थंड पाणी ओतून, थोडं तेल चोळून ठेवला. चार तासांनी गरम रस ओतून पाहिला: दाणा दाण्याला चिकटला नाही.

उद्या घटस्थापना. दसऱ्यापर्यंत घरात मांस नाही, तेव्हा आता शाकाहारी पातेल्याचं काम.

5 ऑक्टोबर, शनिवार

सोया ग्रॅन्यूल्स घ्यायचे का, यावर घरात बरीच चर्चा. मला ते नको. कितीही मसाला घाला, वरून मसाला आणि आत पुठ्ठा. अख्खा मसूर ठरला. त्याचा दाणा लहान, साल टिकते, आणि चमच्यात आल्यावर खिम्याएवढाच मोठा वाटतो. सांगली-कोल्हापूरकडे ढाब्यांवर अख्खा मसूर रोटीबरोबर चापून खाणाऱ्यांना त्याची ताकद सांगायला नको.

350 ग्रॅम मसूर तासभर भिजवला, कुकर न लावता उघड्या पातेल्यात मंद शिजवला. वीस मिनिटांनंतर दर दोन मिनिटांनी दाणा काढून बोटांत दाबायचा. साल शाबूत, आत पीठ मऊ, अशा ठिकाणी आला की लगेच चाळणीत. टोमॅटो त्याला अजिबात दाखवायचा नाही. आंबटात हा दाणा तासभर हटून बसतो. मसुराचं पाणी स्टॉक म्हणून ठेवलं, त्याला रंग आणि अंग दोन्ही असतं.

पण नुसत्या मसुरात खिम्याचा खमंगपणा येत नाही. त्यासाठी मशरूम. 450 ग्रॅम बारीक चिरून कोरड्या, रुंद तव्यात, मोठ्या आंचेवर. आधी खूप पाणी सोडतात, तवा सुपासारखा दिसतो. घाबरून हलवत बसायचं नाही. पाणी आटलं की आवाज बदलतो, फसफस थांबून चरचर सुरू होते. तेव्हा कुठे दोन चमचे तेल आणि मीठ. कडा चांगल्या तपकिरी झाल्या की त्यात दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट घालून परतायची. लाल रंग विटेसारखा काळपट व्हायला लागला आणि तेल सुटलं की थांबायचं. चवीचा अर्धा भाग इथेच ठरतो.

घट्टपणासाठी हात शेंगदाण्याच्या कुटाच्या डब्याकडे आपोआप गेला असता. भरल्या ढोबळी मिरचीत आमच्याकडे कूट आणि बेसन घालतात, जिभेला तेच आठवतं. पण रस्त्यावरच्या एका मुलाला शेंगदाणे आणि नट्सची अ‍ॅलर्जी आहे, म्हणून अक्रोडही बाद. त्याऐवजी दोन डाव शिजलेला मसूर भाजलेल्या लाल मिरचीबरोबर मिक्सरमधून काढला. पुरतो.

वूस्टरशायर सॉसची बाटलीही परत ठेवली. त्यात अँचोव्ही नावाचे मासे असतात, हे बऱ्याच शाकाहारी लोकांना माहीत नसतं. चमचाभर सोया सॉस घातला.

मसाल्यात मी हात आवरला. जिरं, धणे, गरम मसाला घातला की हे मसुराची आमटी होणार आणि मिरची पुन्हा मागे जाणार. गोड पॅप्रिका दोन चमचे, मिरी, सुकं थाइम थोडं, तमालपत्र एक. पॅप्रिका म्हणजे ढोबळीच्याच जातीची मिरची वाळवून दळलेली, त्यामुळे तिला इथे जागा आहे. इथल्या स्ट्रिप डिस्ट्रिक्ट या बाजारपेठेत पेन अ‍ॅव्हेन्यूवर सुटी मिळते, ताजी. तिच्यात साखर बरीच, गरम तेलात दहा सेकंदांत करपून कडू होते. म्हणून पातेलं आंचेवरून बाजूला घेऊन घालायची, एकदा हलवायची आणि लगेच रस ओतायचा. ब्याडगीच्या तिखटाशी जसं वागतो तसंच.

व्हिटॅमिन सी वर संशोधन करणारा सेंट-ग्यॉर्गी हंगेरीतल्या सेगेदमध्ये होता. त्याला हे द्रव्य भरपूर आणि स्वच्छ मिळालं ते तिथल्या पॅप्रिका मिरचीतून, आणि 1937 मध्ये त्याला नोबेल मिळालं. लेकीला हे सांगितलं तर म्हणाली, म्हणून मी सूप खायचं का? नाही, खायचं कारण तुला भूक लागली आहे.

सूप चाखून बायकोने विचारलं, "यात खिमा नाही हे सांगायचंच का?" सांगायचं. अ‍ॅलर्जी आणि पथ्यं असलेल्या लोकांपुढे काय आहे ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचं.

13 ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला. आज टर्कीचा बेस, गोठवायचा तो.

टर्कीच्या खिम्यात पाणी फार, चरबी कमी. पातेल्यात टाकून ढवळत बसलं तर स्वतःच्याच पाण्यात उकडतो, राखाडी पडतो. त्यासाठी बिडाचं जाड पातेलं कडकडीत तापवून खिमा एका थरात सपाट दाबला आणि पाच मिनिटं हातच लावला नाही. खालून तपकिरी खरपूड धरली की उलथण्याने मोठे तुकडे करून उलटायचं. पूर्ण बारीक करायचा नाही; चमच्यात बोराएवढा तुकडा यायला हवा, भरलेल्या मिरचीत सारण घट्ट असतं त्याची आठवण तेवढी राहते. थर्मामीटर आत खुपसून 74 अंश सेल्सियस पाहिलं. पक्ष्यांच्या खिम्याला इथे तेवढं सांगतात, गोमांसाला 71.

खिमा काढून त्याच पातेल्यात कांदा, हिरव्या मिरचीचा पहिला भाग, सेलरीचे दांडे. तळाला चिकटलेली खरपूड कांद्याच्या पाण्याने सुटते, ती सगळी खरवडून घेतली. पुढे टोमॅटो पेस्ट, पॅप्रिका, टोमॅटो, स्टॉक, भाजलेल्या लाल मिरचीची पेस्ट, सेलरीच्या पानांची दोऱ्याने बांधलेली जुडी. अर्धा तास. भात नाही, शेवटची हिरवी मिरची नाही. त्या दोन गोष्टी 31 लाच.

गार करणं हे वेगळं काम आहे. भलं मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. सिंकमध्ये बर्फाचं पाणी भरून त्यात पातेलं ठेवलं, झाऱ्याने हलवत राहिलो, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. मग पिशव्यांत भरून, हवा काढून, आडव्या गोठवल्या. पिशवीवर मार्करने तारीख आणि "टर्की, भात नाही".

19 ऑक्टोबर, शनिवार

एक पिशवी वितळवून पाहिली. मिरचीचे तुकडे मऊच होते, आणखी मऊ झाले, चालेल. थोडं पाणी सुटलं, दहा मिनिटं उघडं उकळल्यावर जुळून आलं. मीठ कमी वाटलं. गोठवलेल्यात नेहमी वाटतं. शेवटची हिरवी मिरची घातल्याबरोबर जुनं सूप ताजं झालं.

26 ऑक्टोबर, शनिवार

बाजारात शेवटच्या मिरच्या. थंडी आली की शेतकरी झाडावर असतील तेवढ्या, हिरव्या-लाल-अर्धवट, सगळ्या तोडून आणतात. अर्धवट पिकलेल्या, एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरव्या अशा मिरच्या स्वस्तात मिळाल्या. भाजायला त्या उत्तम, गोडही आणि थोडा वासही. शेतकरीण म्हणाली, लोक घेत नाहीत, दिसायला बरं दिसत नाही म्हणून.

सेलरी पानांसकट शोधायला दोन दुकानं पालथी घालावी लागली. बहुतेक ठिकाणी पानं छाटूनच विकतात.

30 ऑक्टोबर, बुधवार

मसुराचं सूप आजच केलं, म्हणजे उद्या पूजा आणि फराळात ओट्यावर गर्दी नको. एक रात्र ठेवल्यावर ते चांगलंच लागतं. उद्या दुपारी उकडा शिजवणार, आणि हिरवी मिरची चिरून डब्यात तयार.

कांदा-लसणाचा प्रश्न निघाला. नैवेद्य त्याच्या आधी, वेगळा, पुरणपोळी आणि करंज्या. सूप नैवेद्यात नाही, त्यामुळे कांदा चालेल, असा निकाल बायकोने दिला.

31 ऑक्टोबर, गुरुवार

सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास, आणि पोरांचं दारोदार फिरणंही त्याच वेळात. लक्ष्मीपूजन थोडं उरकतं घेतलं. लेक सांगाड्याच्या काळ्या-पांढऱ्या पोशाखात आरतीला उभी. व्हिडिओ कॉलवर आई क्षणभर गप्प, मग विचारते, "ह्या काय नेसलंस गो?" लेक म्हणाली, हॅलोविन. आई म्हणाली, बरं, पण कुंकू तरी लाव. सांगाड्याला कुंकू लावून पाठवलं.

शेजारच्या बाई पणत्या बघून गेल्या आणि टर्कीचं पातेलं त्यांच्या घरून आलं, वाफाळतं. मसुराचं पातेलं स्लो कुकरमध्ये 'वॉर्म' वर, एक्स्टेन्शन वायर गॅरेजमधून. थर्मामीटर दर अर्ध्या तासाने, 60 अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. शेवटची हिरवी मिरची निघण्याच्या आधी अर्धीच घातली, उरलेली बाहेर एका वाटीत कच्चीच ठेवली. ज्याला हवी त्याने वरून घ्यावी. भात वेगळ्या भांड्यात, डाव बाजूला.

कच्च्या मिरचीची वाटी सगळ्यात आधी रिकामी झाली. ही योजना नव्हती, पण आता कायमची.

दोन पातेल्यांपैकी टर्कीचं आधी संपलं, साहजिक आहे, लोकांना तेच ओळखीचं. नंतर मसुराकडे वळले. एका शेजाऱ्याने दुसरी वाटी घेताना विचारलं की यातलं मांस कुठलं. चिठ्ठी समोर होती, वाचली नव्हती. शेजारच्या बाईंचं मत: मसूर चांगला, पण केचप अजून एक चमचा.

भात दोन तासांनी पाहिला. दाणा सुटा.

2 नोव्हेंबर, शनिवार

पाडवा. उरलेलं थोडं फ्रिजमध्ये आहे, आज संपवतो. भाताला तीन-चार दिवसांच्या पुढे ठेवायचं नाही. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरेयस या जिवाणूचे बीजाणू तग धरून असतात आणि पुन्हा गरम केल्याने त्यांनी सोडलेलं विष नष्ट होत नाही.

मसुराच्या पातेल्याचं शेवटी ठरलेलं प्रमाण, साडेपाच-सहा लिटरच्या भांड्यासाठी, बारा-चौदा वाट्या: अख्खा मसूर 350 ग्रॅम, मशरूम 450 ग्रॅम, मोठे कांदे दोन, सेलरीचे दांडे तीन आणि पानांची जुडी एक, लसूण चार पाकळ्या. मिरच्या एकूण सात: तीन लाल किंवा अर्धवट पिकलेल्या भाजून वाटायच्या, दोन हिरव्या कांद्याबरोबर वीस मिनिटं परतायच्या, दोन हिरव्या शेवटी, त्यातली एक पातेल्यात आणि एक कच्ची, वाटीत. अख्ख्या सोललेल्या टोमॅटोचा 794 ग्रॅमचा डबा एक, पेस्ट दोन मोठे चमचे. टोमॅटो सॉसचा दुसरा डबा काढून टाकला, त्यानेच सगळं झाकोळत होतं. मसुराचं पाणी आणि भाज्यांचा स्टॉक मिळून दीड लिटर. पॅप्रिका दोन चमचे, केचप एक चमचा, बाईंच्या मते दोन. उकडा तांदूळ 250 ग्रॅम, वेगळा.

टर्कीसाठी मसूर आणि मशरूमच्या जागी 900 ग्रॅम खिमा. बाकी तेच, मसुराच्या पाण्याऐवजी स्टॉक.

फ्रीझरमध्ये भाजलेल्या लाल मिरचीची पेस्ट बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवली आहे. जानेवारीत लाल मिरची सोन्याच्या भावाने मिळेल तेव्हा दोन खडे पुरतील. हिरवी तेव्हाही दुकानात असते, ताजी घेता येईल. शेजारच्या बाईंना मसूर हवाय, अर्धा किलो बाजूला काढला आहे. शिजवायची रीत कागदावर लिहून द्यायची आहे, केचपचा आकडा मात्र त्यांनीच भरावा.